लेक लॅनियर: खाजगी डॉक, बोट लिफ्ट आणि पाण्यात उतरणारी वीज

पाणकाठ

पाडव्याच्या कार्यक्रमात दोघातिघांनी एकच विषय काढला. जॉर्जियातल्या लॅनियर तळ्यावर घर बघतोय, डॉक (बोट बांधायचा धक्का) आहे, बोट पाण्याबाहेर उचलून ठेवणारी लिफ्टही आहे, नक्की तपासायचं काय? उभ्या उभ्या जमेल तेवढं सांगितलं, पण हा विषय तसा उरकण्यासारखा नाही, म्हणून हा धागा. फ्लोरिडातली मंडळी इथे बरीच आहेत. खाऱ्या पाण्याचा हिशेब वेगळा असतो, तो त्यांनी भर घालून पुरा करावा.

आधी कागदपत्रं. चॅटाहूची नदीवर ब्युफर्ड धरण बांधून आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने (अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने) १९५० च्या दशकात हे तळं तयार केलं आणि काठाची पट्टी आजही कोअरच्या ताब्यात आहे. आपली हद्द पाण्याच्या अलीकडेच संपते. डॉक उभा असतो तो परवान्यावर. परवाना पाच वर्षांचा, आणि घर विकलं म्हणून तो आपोआप नव्या मालकाच्या नावावर चढत नाही. अख्ख्या तळ्यावर खाजगी डॉकच्या परवान्यांची कमाल मर्यादा १०,६१५ आहे. त्यामुळे परवान्याची प्रत मागून घ्या, त्यावरची मापं प्रत्यक्ष डॉकशी टेप लावून ताडून बघा, आणि मगच इसाऱ्याचं बोला. मागच्या मालकाने हौसेने वाढवलेली फळी किंवा छप्पर काढायचा खर्च आपल्या गळ्यात पडू शकतो.

मग पाण्याची पातळी. उन्हाळ्यातली पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १,०७१ फूट. २००७ च्या दुष्काळात डिसेंबरमध्ये पाणी १,०५०.७९ फुटांवर गेलं होतं, म्हणजे वीस फुटांहून जास्त खाली. म्हणून इथले डॉक तरंगते असतात, काठाशी केबल आणि विंचने धरलेले. पाणी उतरायला लागलं की डॉक बाहेर ढकलावा लागतो. हे वेळेत झालं नाही तर आतली बाजू उतारावर टेकते, बाहेरची तरंगत राहते, सांगाडा पिळवटतो आणि वेल्डिंगला तडे जातात. घर बघायला जाल तेव्हा सांगाड्याचे कोपरे आणि गँगवेचं (काठावरून डॉकवर जायच्या पुलाचं) बिजागर वाकून बघा. जुना पिळवटलेला डॉक तिथेच ओळखू येतो. केबल झाडाला बांधलेली दिसली तर तेही काम आपल्यालाच निस्तरायचं आहे असं धरून चाला. साल कापली जाऊन झाड मरतं आणि एखाद्या वादळात डॉकसकट येतं.

तरंग कशावर आहे तेही विचारा. उघड्या पांढऱ्या थर्माकोलचा काळ गेला. तो पाणी पितो, प्राणी पोखरतात आणि त्याचे मणी तळंभर पसरतात. कडक प्लास्टिकच्या कवचात बंद केलेला फोमच हवा. वारा पडलेल्या सकाळी, बोट लिफ्टवर नसताना, चारही कोपऱ्यांवर फळीपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. एखादा कोपरा दोन-तीन इंच खाली असेल तर त्याखालच्या फ्लोटमध्ये पाणी शिरलंय किंवा डॉकवर वजन नीट वाटलेलं नाही.

तरंगत्या डॉकवर बहुतेक ठिकाणी हवेच्या टाक्यांची लिफ्ट दिसते. ब्लोअर टाक्यांत हवा भरतो, खालून पाणी बाहेर पडतं, टाक्या वर येतात आणि बोटही. खाली न्यायची तर झडप उघडून हवा सोडायची. यात बोटीचा भार टाक्या घेतात, डॉक नाही, आणि तरंगत्या डॉकवर हाच मोठा फायदा. हवेच्या नळ्या उन्हाने कडक होऊन जोडाशी चिरतात. वर चढवलेली बोट दुसऱ्या दिवशी एका अंगाला कललेली दिसली तर आधी नळ्या बघा, टाकी नंतर. साबणाचं पाणी लावलं की चीर बुडबुड्यांनी स्वतःच दिसते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वीज. त्यावर स्वतंत्र प्रतिसाद लिहितो.

नीरजा

फारच कामाचं. आमचा व्यवहार जवळपास ठरलाय म्हणून थेट विचारते. लिफ्टवरच्या पाटीवर ४,००० पौंड लिहिलंय. आमची २२ फुटी बाउरायडर कंपनीच्या कागदावर ३,६०० पौंडांची आहे. चालेल ना? डीलर म्हणतो चालेल.

पाणकाठ

नीरजाताई, नाही चालणार. कागदावरचं वजन म्हणजे बहुधा कोरडी बोट. टाकी ५० गॅलनची असेल तर पेट्रोलचा गॅलन सुमारे ६ पौंडांचा, म्हणजे ३०० पौंड तिथेच झाले. बॅटऱ्या, नांगर आणि साखळी, लाइफ जॅकेटं, बर्फाची पेटी, मुलांची ट्यूब, दोर हे सगळं वेगळं. तुम्ही ४,००० च्या पार गेलातच, आणि पाटीवरचा आकडा हा रोज गाठायचा आकडा नव्हे. माझं मत, भरलेल्या बोटीच्या वजनावर आणखी १५-२० टक्के मोकळीक ठेवा. म्हणजे तुम्हाला ५,००० च्या आसपासची लिफ्ट हवी. वेकबोटवाल्यांनी बॅलास्टच्या (वजनासाठी पाणी भरायच्या) टाक्या रिकाम्या केल्याशिवाय बोट लिफ्टवर घेऊच नये.

पावसाचं तर कुणी धरतच नाही. २२ फूट लांब आणि ८ फूट रुंद जागेवर एक इंच पाऊस साचला तर ते पाणी ९०० पौंडांच्या वर भरतं. सगळा पाऊस बोटीच्या आतच पडत नाही हे खरं, पण जॉर्जियातल्या वळवाच्या सरीला एक इंच म्हणजे काहीच नाही. म्हणून बोट लिफ्टवर चढली की मागचं ड्रेन प्लग काढायचं आणि बोट किंचित मागे उतरती ठेवायची. काढलेलं प्लग इंजिनच्या किल्लीलाच अडकवा. किल्ली हातात घेतली की प्लग हातात येतं, आणि ते न लावता बोट पाण्यात उतरत नाही.

केपकोरलकर

पाणकाठ, उत्तम धागा. खाऱ्या पाण्याची बाजू मी सांगतो. आमच्या केप कोरलमध्ये ४०० मैलांच्या वर कालवे आहेत, काही गोडे, काही खारे. आम्ही खाऱ्यावर. इथे डॉक स्थिर, खांबांवर. लिफ्ट म्हणजे चार खांब, वर दोन तुळया, त्यावरून खाली उतरणाऱ्या केबल आणि खालचा पाळणा.

खाऱ्या पाण्यात पहिली जाते ती केबल. लोक म्हणतात स्टेनलेस घातलीय, काळजी मिटली. तसं होत नाही. स्टेनलेस बाहेरून चकचकीत राहते आणि पेडांच्या आत, जिथे मीठ अडकतं आणि हवा पोचत नाही, तिथे कुरतडली जाते. गॅल्व्हनाइज्ड निदान गंजाचा तांबडा रंग दाखवून सावध तरी करते. मी तपासतो तो प्रकार सांगतो. बोट खाली पाण्यात, पाळण्यावर भार नाही, केबल ताणलेली, मेन ब्रेकर बंद. जाड हातमोजा घालून जुन्या सुती धोतराचा फडका केबलभोवती धरायचा आणि सावकाश ओढत न्यायचा. एखादा पेड तुटला असेल तर सुताचा धागा तिथे अडकून मागे राहतो. ड्रमवर गुंडाळी जिथे सुरू होते तो भाग आणि खालच्या पुलीतला भाग, या दोन ठिकाणी थांबून बघा, कारण केबल तिथेच रोज वाकते. एकही पेड तुटलेला सापडला तर चारही केबल एकदम बदला. एक नवी आणि तीन जुन्या ठेवल्या की भार सारखा राहत नाही, पाळणा तिरका होतो.

आणखी एक. पाळणा खाली नेताना तो तळाला टेकेपर्यंत बटण दाबून धरू नका. केबल सैल पडते, ड्रमवर एकावर एक चढते आणि पुढच्या वेळी झटका घेऊन सरकते. बोट तरंगायला लागली की थांबायचं. वर असलेल्या बोटीखाली, कितीही घाई असली तरी, कुणीही जायचं नाही.

पाळणा रिकामा असला तरी पाण्यात सोडून ठेवू नका. बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचाचे जीव) थोड्या दिवसांत धरतात आणि मग बंकच्या (बोट टेकते त्या फळ्यांच्या) गालिच्यावरून बोटीच्या बुडाला ओरखडे जातात. ॲल्युमिनियमच्या पाळण्याला तांबं असलेला रंग लावायचा नाही, ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. ॲल्युमिनियमवर स्टेनलेसचा बोल्ट येतो तिथे मध्ये गंजरोधक पेस्ट हवीच. ॲनोडचं (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणाऱ्या तुकड्याचं) म्हणाल तर खाऱ्यात जस्त किंवा ॲल्युमिनियमचे, तुमच्या गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. जस्ताचा ॲनोड गोड्या पाण्यात नुसता लोंबकळतो, काम करत नाही.

कर्लीकाठ

मालवणहून वाचतोय. लाकडी खांबांचं कसं करता तिकडे? आमच्याकडे होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी रीत आहे, कारण खाऱ्या पाण्यात लाकूड आतून पोखरणारा किडा लागतो. वरून फळी साबूत दिसते आणि अंगठ्याने दाबली की आत जाते.

दुसरं विचारायचंय. आमची खाडीला लागून थोडी जागा आहे. तिथे असा छोटा खाजगी धक्का करता येईल का?

केपकोरलकर

तोच किडा आमच्याकडेही. दिसतो अळीसारखा, पण आहे शिंपल्याच्या कुळातला. इथे खांब दाबाखाली रसायन मुरवलेलेच घेतात. शिवाय नवीन खांबाला गाळाखालपासून भरतीच्या रेषेच्या वरपर्यंत प्लास्टिकचं वेष्टन करून घेतलं तर किड्याला शिरायला जागाच राहत नाही. वेष्टन फाटलं की तिथून सुरुवात, म्हणून ओहोटीला होडीतून फिरून बघायचं. खांबाच्या डोक्यावर शंकूसारखी टोपी बसवतात. पक्षी बसू नयेत हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा असा की कापलेल्या टोकातून पावसाचं पाणी आत झिरपत नाही.

ऋता_ग

कर्लीकाठ, दुसऱ्या प्रश्नाचं सांगते, मी कोकणातल्या बांधकाम परवानग्यांचं काम करते. जागा तुमची असली तरी भरतीरेषेच्या आतलं पाणी तुमचं नाही. सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) परवानगी आणि महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची परवानगी, दोन्ही लागतील. काठाला कांदळवन असेल तर तिथे हात लावायचा विचारच सोडा, २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनं तोडायला बंदी केली आहे. आधी सर्व्हे नंबरचा सीआरझेड नकाशा काढा, मग आर्किटेक्ट गाठा. उलट क्रमाने गेलेल्या लोकांचे पैसे गेलेले मी बघितलेत.

केपकोरलकर

फ्लोरिडातही कांदळवनाचा कायदा आहे, १९९६ चा. स्वतःच्या काठावरचीही झाडं मनाला येईल तशी छाटता येत नाहीत.

पाणकाठ

आता वीज. हे सावकाश वाचा, आणि घरात जो पोहायला उतरतो त्या प्रत्येकाला वाचायला द्या.

डॉकवर वायर खराब झाली, किंवा बोटीच्या चार्जरमध्ये दोष आला, की करंट पाण्यात उतरतो. खारं पाणी माणसाच्या शरीरापेक्षा चांगला वाहक असल्यामुळे करंट बराचसा शरीराला वळसा घालून जातो. गोड्या पाण्यात उलट. आपल्या अंगात मीठ आहे, तळ्याच्या पाण्यात जवळजवळ नाही, म्हणून करंटला शरीर हीच सोपी वाट वाटते. १५ मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आपले राहत नाहीत. पट्टीचा पोहणाराही हात हलवू शकत नाही आणि बुडतो. १०० मिलिअँपिअरला हृदय थांबतं, आणि ४० वॉटचा साधा बल्ब याच्या तिप्पट करंट घेतो. अंगावर भाजल्याची खूण बहुतेक वेळा राहत नाही, त्यामुळे नोंद बुडून मृत्यू अशी होते.

४ जुलै २०१२ या एकाच दिवशी टेनेसीतल्या चेरोकी लेकवर आणि मिसुरीतल्या लेक ऑफ द ओझार्क्सवर डॉकजवळ पोहणारी मुलं अशीच गेली. २०२३ च्या जुलैमध्ये आपल्या लॅनियरवर डॉकवरून पाण्यात उडी मारलेला एक तरुण गेला. ही सगळी मौजेसाठी पाण्यात उतरलेली माणसं होती.

म्हणून आमच्या घरचा नियम असा: पोहायचं असेल तर डॉकचा ब्रेकर काठावरूनच बंद, आणि बोटीचा चार्जर सॉकेटमधून काढलेला. नुसता लिफ्टचा स्विच बंद करून भागत नाही, कारण स्विचपर्यंतच्या तारेत वीज असतेच.

प्रसन्न_ओहायो

एक शंका. जीएफसीआय (करंट गळताच वीज तोडणारं साधन) असताना एवढं घाबरायचं कारण आहे का? तो ट्रिप होणारच की. आमच्या डॉकला आहे.

वायरमन

मी परवानाधारक इलेक्ट्रिशियन आहे, जॉर्जियातच काम करतो, म्हणून उत्तर देतो. जीएफसीआय हवाच, आणि अमेरिकेच्या विद्युत संहितेनुसार घरगुती बोट लिफ्टच्या २४० व्होल्टपर्यंतच्या जोडणीला तो बंधनकारक आहे. माणसाच्या संरक्षणाचा जीएफसीआय ५ मिलिअँपिअरच्या सुमारास तुटतो, म्हणजे ट्रिप होऊन वीज तोडतो. पण प्रसन्न, तो चालू आहे हे तुम्हाला कसं कळतं? ओल, कोळी, गंज यांनी आतला भाग मरतो आणि वीज मात्र पुढे जात राहते. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा. तुटला नाही तर त्याच दिवशी बदला. दुसरं, तो फक्त त्याच्या पुढच्या तारेचं रक्षण करतो. घरापासून डॉकपर्यंत जमिनीतून आलेली तार त्याच्या मागे असेल तर ती उघडीच. म्हणून संरक्षण काठावर, तार सुरू होते तिथे हवं. तिसरं, शेजाऱ्याच्या डॉकवर काय आहे ते तुमच्या हातात नाही, पाणी मात्र एकच आहे.

मी तपासणीला जातो तेव्हा सर्वांत जास्त सापडणारी गोष्ट म्हणजे 'उगाच ट्रिप होतो' म्हणून कुणीतरी काढून टाकलेला जीएफसीआय. तो उगाच ट्रिप होत नाही. करंट कुठेतरी गळतोय म्हणून होतो. एका डॉकवर गँगवेच्या बिजागराखालून वायरचा पाइप नेलेला होता. डॉक वरखाली होईल तसा पाइप घासत गेला आणि आतल्या काळ्या तारेचं आवरण नखाएवढं सोललेलं होतं. बाहेरून पाइप नीटच दिसत होता. तरंगत्या डॉकला वळणावर लवचीक, ओल्या जागेसाठीची केबल आणि तिला भरपूर ढील, याला पर्याय नाही.

नीरजा

आणि कुणी पाण्यात असताना झिणझिण्या आल्या म्हणालं तर? मुलांना काय शिकवायचं?

वायरमन

ताई, हे पाठच करून घ्या. ज्याला झिणझिण्या जाणवल्या त्याने डॉककडे यायचं नाही, शिडीला हात लावायचा नाही. पाय पोटाशी घेऊन, आला त्याच दिशेने डॉकपासून लांब पोहत जायचं आणि ओरडून सांगायचं. काठावरच्याने आधी ब्रेकर पाडायचा, मग रिंग किंवा दोर फेकायचा, ९११ ला फोन करायचा. पाण्यात उडी मारायची नाही. आईबापांना हे सगळ्यात अवघड जातं, आणि मदतीला उडी मारणारेच दुसरे बळी होतात. बाहेर काढलेल्याचा श्वास चालत नसेल तर लगेच सीपीआर. घरातल्या दोघांना तरी तो येत असावा.

पाणकाठ

म्हणूनच माझं म्हणणं आहे की डॉकवर १२० व्होल्ट न्यायचीच गरज किती ते आधी ठरवा. दिव्यांसाठी सौर दिवे पुरतात. लहान बोटींच्या केबल लिफ्टला १२ किंवा २४ व्होल्टच्या मोटरी मिळतात, बॅटरी सौर पॅनेलवर चार्ज होते. पंखा, फ्रिज, संगीत या गोष्टी अंगणात ठेवा.

केपकोरलकर

मोठ्या बोटींना ते जमणार नाही, पाणकाठ. आमच्याकडे १६,००० पौंडांच्या लिफ्टा सर्रास आहेत, त्यांना बहुधा २४० व्होल्ट दिलेले असतात. पण दिव्यांचं पटलं.

चक्रीवादळाचंही सांगून ठेवतो. २८ सप्टेंबर २०२२ ला इयन इथेच काठावर आलं. लिफ्ट उंच नेली म्हणजे बोट वाचली असं समजू नका. समुद्र फुगून वर आला की बोट पाळण्यातून उचलली जाते आणि खांबांवर आपटत राहते. ट्रेलरवर घालून आत, उंचावर नेणं हाच उपाय, आणि ते इशारा आल्यावर नाही, त्याआधी ठरवून ठेवायचं, कारण त्या दिवशी रॅम्पवर रांग असते. नेताच आली नाही तर ड्रेन प्लग काढा, बॅटरी काढा, बोट पाळण्याला आणि पाळणा खांबांना बांधा, ब्रेकर पाडा आणि तिथून निघा. पाणी ओसरल्यावर बुडालेल्या मोटरीला तपासल्याशिवाय वीज द्यायची नाही.

प्रसन्न_ओहायो

वायरमन, आत्ताच जाऊन बटण दाबून आलो. एक तुटला, लिफ्टचा नाही तुटला. ब्रेकर पाडून ठेवलाय. उद्या कुणाला बोलवू, आणि त्यांच्याकडून नेमकं काय करून घेऊ?

वायरमन

बरं केलंत. परवानाधारक इलेक्ट्रिशियनच बोलवा, हँडीमन नको, आणि फोनवरच विचारा की डॉकची कामं केली आहेत का. तीन गोष्टी करून घ्या. जीएफसीआय बदलून काठावरच्या पेटीत घ्यायचा. लिफ्टची चौकट, शिडी, गँगवे, म्हणजे सगळा धातू, ग्राउंडला जोडलेला आहे का ते मीटर लावून दाखवायला सांगा. आणि लिफ्ट चालू असताना सर्व तारा एकत्र धरून क्लॅम्प मीटर लावायला सांगा. आकडा शून्य यायला हवा. आला नाही तर गळती कुठे आहे ते सापडेपर्यंत ब्रेकर वर करू नका, आणि तोवर कुणाला पाण्यात उतरू देऊ नका.